सगळ्यांना एकच हॉर्न दिला म्हणजे न्याय झाला का?

परभणीहून एका निवृत्त लष्करी बँडमास्तरांचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"आमच्या संस्थेचा युवा वाद्यवृंद यंदा उभा राहतोय. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, पहिला कार्यक्रम आहे. फ्रेंच हॉर्नच्या जागा चार, अर्ज नऊ. संस्थेकडे देणगीत आलेला एक चांगला डबल हॉर्न (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजूंचा, अंगठ्याच्या व्हॉल्व्हने बाजू बदलणारा) आहे आणि मेरठचे दोन सिंगल एफ हॉर्न. नऊपैकी एकाकडे पुण्याहून आणलेला महागडा जर्मन डबल हॉर्न आहे, एकाकडे सिंगल बी-फ्लॅट. तिघं लग्नाच्या बँडमध्ये ई-फ्लॅट अल्टो हॉर्न वाजवतात. उरलेले चौघं संस्थेच्याच हॉर्नवर शिकले, त्यात माझा भाचा आहे. संस्थेचा डबल हॉर्न गेले आठ महिने सरावासाठी त्याच्याकडेच असतो. कार्यकारिणी म्हणते, नंतर कटकट नको, सगळ्यांनी त्या एकाच डबल हॉर्नवर वाजवावं. एक-दोघं म्हणतात पडदा लावा, बाकीचे त्यावर हसतात. ऑडिशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे हातात सहा आठवडे आहेत. परीक्षक मला धरून तिघं. थोडे पैसेही आहेत. त्यातून एक चांगला हॉर्न घ्यावा की दोन-तीन स्वस्तातले? मार्ग सुचवा."

मास्तर, नमस्कार.

आधी कार्यकारिणीच्या त्या एका हॉर्नचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर लटकलेलं आहे. कागदावर हा तोडगा अगदी सरळ दिसतो. पण तो हॉर्न आठ महिने भाच्याच्या हातात आहे हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे नऊ जणांपैकी एकाला रोजचं वाद्य मिळणार आणि आठ जणांना परकं. असं ठरलं तर पुढे पडदा लावा नाहीतर दिल्लीहून परीक्षक आणा, निकाल आधीच एका बाजूला कललेला असेल. तुमच्या मनात तसं काही नाही हे पत्रावरून दिसतं. पण लोक बोलतील, आणि त्यांना खोटं पाडता येणार नाही.

परक्या हॉर्नवर माणूस एवढा का अडखळतो, हे कार्यकारिणीला समजावून सांगावं लागेल. एफ हॉर्नची नळी सरळ केली तर साधारण 12 फूट भरते, बी-फ्लॅटची 9 फूट. ई-फ्लॅट अल्टोची साडेसहा-सात फुटांच्या आसपास. नळी लांब असल्यामुळे हॉर्नवाला नेहमी वरच्या नैसर्गिक स्वरांत, म्हणजे बोटं न बदलता फक्त ओठांनी निघणाऱ्या स्वरांत, वावरतो आणि ते एकमेकांना खेटून असतात. स्टाफच्या, म्हणजे स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या, तिसऱ्या घरातला सी घ्या. अल्टोवर बोटं न दाबता या सीचे शेजारी खाली जी आणि वर ई, म्हणजे दोन्हीकडे मोकळी जागा. एफ हॉर्नवर त्याच लिखित सीच्या खाली बी-फ्लॅट आणि वर डी, दोन्ही फक्त एका पूर्ण स्वराच्या अंतरावर. ओठ जरा ढळला की स्वर शेजारी घसरतो किंवा फुटतो. त्यातही प्रत्येक हॉर्नचा कुठला स्वर किंचित वर बसतो, कुठला खाली, कुठला धरायला निसरडा, हे वेगळं असतं. वादकाचे ओठ आणि घंटीतला, म्हणजे हॉर्नच्या रुंद तोंडातला, उजवा हात आठवड्यांच्या सरावाने ते शिकतात. पाच मिनिटं हातात घेऊन नाही.

म्हणून नियम असा करा: ज्याचा हॉर्न असेल त्याने स्वतःचा वाजवावा, नसेल त्याला संस्थेच्या तिघांपैकी एक. माउथपीस मात्र प्रत्येकाचा स्वतःचाच. आणि संस्थेचा डबल हॉर्न उद्याच भाच्याकडून परत घेऊन कपाटात ठेवा. संस्थेवर शिकलेल्या चौघांना रोज प्रत्येकी 45 मिनिटं तो मिळेल असं वेळापत्रक भिंतीवर लावा, वहीत सही करून घ्या. दोन आठवड्यांनी ज्याला डबल नको, सिंगलवरच बरं वाटतंय, तो तसं सांगेल; बळजबरी करू नका. मेरठच्या हॉर्नवर दोन वर्षं शिकलेला मुलगा सहा आठवड्यांत अंगठ्याच्या व्हॉल्व्हशी झटापट करण्यापेक्षा आपल्या जुन्या वाद्यावर जास्त बरा वाजेल.

आता पुण्याच्या जर्मन हॉर्नवरून कुरकुर होणारच. त्याचा हॉर्न काढून घेणं हा उपाय नाही. परीक्षेचे तुकडे असे निवडा की पैशाला गुण मिळणार नाहीत. सिंगल एफवर वरच्या लिखित जीच्या पलीकडचे स्वर फार निसटतात; डबलवाला अंगठा दाबून बी-फ्लॅट बाजूला जातो आणि सुटतो. सिंगल बी-फ्लॅटचं दुखणं उलटं आहे. खालच्या सप्तकात पहिला-तिसरा आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबावे लागतात तिथे स्वर चढे येतात. शिवाय हाताने घंटी पूर्ण बंद करून वाजवायचे स्वर एफवर बरोबर अर्ध्या स्वराने सरकतात, पण बी-फ्लॅटवर त्याहून जास्त सरकतात, म्हणून त्या बाजूला ते बेसूर लागतात. तेव्हा पहिल्या फेरीत आवाका मध्य सीखालच्या जीपासून स्टाफच्या वरच्या जीपर्यंत ठेवा आणि बंद हाताचे स्वर वगळा. या दोन सप्तकांत तिन्ही प्रकारचे हॉर्न बऱ्यापैकी एका पातळीवर येतात. उंच आणि अगदी खालचं जे काय ऐकायचं ते दुसऱ्या फेरीत, आणि तेही जागेप्रमाणे. पहिला आणि तिसरा हॉर्न उंच वाजवतात, दुसरा आणि चौथा खालचं. चौथ्या जागेच्या उमेदवाराला उंच सोलो लावून नापास करण्यात काही अर्थ नाही. बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतल्या तिसऱ्या भागात चौथ्या हॉर्नला मोठा सोलो आहे. खालच्या जागेवरचा वादक दुय्यम नसतो हे कुणाला पटवायचं असेल तर तेवढं पुरे.

काही मोठे वाद्यवृंद मात्र हॉर्नचा प्रकारच ठरवून देतात, हेही खरं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आजही जुन्या पद्धतीचा, पंप व्हॉल्व्हचा व्हिएन्ना हॉर्न वाजतो. अमेरिकेत काही ठिकाणी वर्षानुवर्षं मोठ्या घंटीचा कॉन 8डी हा हॉर्न चालत आला, कारण चौघांचा आवाज एकजीव व्हावा. तुम्हालाही असा आग्रह धरायचा असेल तर तो जाहिरातीतच लिहायला हवा होता. अर्ज आल्यावर अट घालणं म्हणजे सामना सुरू झाल्यावर गोलपोस्ट हलवणं.

अल्टोवाल्या तिघांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुमच्या पत्रात एका ओळीतच उरकला आहे. ही मुलं तीन-तीन तास वरातीत वाजवतात. दम, ताल आणि कानावरून गाणं उचलणं यात ती बाकीच्यांना ऐकणार नाहीत. पण अल्टोचे व्हॉल्व्ह उजव्या हाताने, हॉर्नचे डाव्या. अल्टोचा माउथपीस वाटीसारखा आणि मोठा, हॉर्नचा आत निमुळता होत जाणारा, आतला व्यास साधारण 17 ते 18 मिलिमीटर. अल्टोचा माउथपीस हॉर्नच्या नळीत बसतही नाही. सहा आठवड्यांत ही मुलं बाकीच्यांसारखं वाजवतील अशी अपेक्षा ठेवू नका. दोन पर्याय आहेत. ती तयार असतील तर मेरठचे दोन्ही हॉर्न सकाळी त्यांना द्या, बाकी चौघांना संध्याकाळी, आणि परीक्षा सगळ्यांसारखीच घ्या. नाहीतर त्यांची वेगळी चाचणी घ्या: वाजवलेला स्वर गाऊन दाखवणं, एका बोटात पाच नैसर्गिक स्वर शोधणं, चार मापं ऐकून परत वाजवणं. त्यातून एक जागा शिकाऊ म्हणून राखून ठेवा. आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. पण काय ठरलं ते आजच नोटीस बोर्डवर लावा, निकालाच्या दिवशी नाही.

आता वाद्यं. मेरठच्या जली कोठीतून आलेले हॉर्न वाईट असतात असं नाही. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं पेटीत पडून राहतात आणि मग "हा आवाजच देत नाही" म्हणून बदनाम होतात. ऑडिशनच्या किमान तीन आठवडे आधी तिन्ही हॉर्न तपासा.

हवा गळते का ते असं बघा: व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी) दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढा, पाच सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'टप्' असा आवाज आला तर ठीक. आवाजच नाही म्हणजे रोटर (व्हॉल्व्हमधला फिरणारा भाग) झिजलाय किंवा स्लाइड सैल आहे. तिन्ही व्हॉल्व्हवर करा, डबलवर अंगठ्याच्या बाजूलाही. मग रोटरचं झाकण उघडा. आत दांड्याच्या टोकावर आणि पट्टीवर खुणा असतात. व्हॉल्व्ह सोडलेला असताना आणि दाबलेला असताना, दोन्ही वेळी खूण खुणेला जुळली पाहिजे. जुळत नसेल तर रोटरला थांबवणारं बूच झिजलंय. त्या दोन बुचांमुळे रोटर अर्धवट उघडा राहतो, स्वर गुदमरतो आणि पोराला वाटतं आपलेच ओठ बिघडले. नवं बूच बसवून ब्लेडने थोडं-थोडं छाटत खूण जुळवायची. एकदम मोठा तुकडा कापलात तर दुसरं बूच घ्यावं लागेल.

रोटरला दोरी असेल तर ती बदलाच. एका व्हॉल्व्हला साधारण 20 सेंटीमीटर पीळदार मासेमारीची दोरी लागते. जुनी दोरी नेमकी परीक्षेत तुटते. व्हॉल्व्हची खडखड येत असेल तर बेअरिंगवर घट्ट तेल, वर झाकणाखाली एक थेंब आणि खाली दांड्याशी एक. आतल्या रोटरला पातळ तेल, ते स्लाइडच्या नळीतून; पण सोडताना ग्रीस धुऊन आत जाणार नाही असं, ड्रॉपरचं टोक नळीत खोल घालून. ही खडखड घालवणं एरवी सौंदर्याचा मुद्दा आहे, पण इथे पडद्याआड कोण कुठला हॉर्न वाजवतोय ते ती सांगून टाकते, म्हणून तिन्हींना तेल हवंच.

माउथपाइप, म्हणजे माउथपीस जिथे बसतो ती नळी, नीट बघा. पितळावर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर जस्त निघून धातू आतून पोखरलाय. तिथे छोटा पोचा असला तरी स्वर बिघडतात. घंटीवर पोचे असले तर दिसायला वाईट, बाकी फारसं काही नाही. माउथपीस साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर आत गेला पाहिजे आणि हलता कामा नये. हलत असेल तर शँक (माउथपीसची खालची दांडी) आणि नळीची जोडी चुकलीय. युरोपीय आणि अमेरिकी शँकच्या मापांत फरक असतो. कागद गुंडाळून बसवू नका, दुसरा माउथपीस आणा. नव्याने शिकणाऱ्यांसाठी यामाहा 30सी4 किंवा फार्कस एमडीसी धर्तीचा मध्यम माउथपीस बरा पडतो.

धुण्याबद्दल एक सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच: बोअरच्या पाण्याने हॉर्न धुऊ नका. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार स्लाइडमध्ये पांढरा थर धरतात आणि रोटर जाम होतो. फिल्टरचं कोमट पाणी घ्या. गरम नको, लॅकर उडतं. धुऊन झालं की लगेच तेल आणि ग्रीस.

जुन्या बँडमधून आलेल्या वाद्यांत कधीकधी जुन्या 'हाय पिच'चं, म्हणजे आजच्यापेक्षा चढ्या सुराचं, निघतं. मुख्य स्लाइड पूर्ण ओढूनही ट्यूनरवर 440 ला येत नसेल तर ते वाद्य ऑडिशनमधून बाद करा. डबल हॉर्न लावताना आधी बी-फ्लॅट बाजू मुख्य स्लाइडने जुळवा, मग तिसऱ्या घरातला सी अंगठा दाबून आणि सोडून वाजवा. दोन्ही बाजूंना तो बोटांशिवाय येतो. फरक दिसला तर एफच्या स्लाइडने मिटवा. काही मॉडेलवर अंगठा उलटा चालतो, दाबल्यावर एफ. कुठल्या बाजूला काय आहे हे हॉर्नच्या पेटीवर चिठ्ठी लावून लिहा.

हॉलचं काय? जूनमध्ये परभणीत पाऊस पडला तर बरं, नाही पडला तर 38-40 अंश. हवा एक अंशाने तापली की स्वर हिशेबाने सुमारे 3 सेंट चढतो आणि 100 सेंट म्हणजे अर्धा स्वर. सरावाची खोली एसीची 24 अंशांवर आणि हॉल 38 वर असेल तर हिशेब 42 सेंटचा येतो. श्वासाने नळी तशीही कोमट होते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. निम्मा धरला तरी 20 सेंट कुणाच्याही कानाला खुपतील. तेव्हा सरावाची खोली आणि हॉल एकाच तापमानाचे हवेत, म्हणजे दोन्हीकडे पंखे किंवा दोन्हीकडे एसी. सकाळी 8 ते 11 घ्या. वीज गेली तर थांबा, जनरेटरच्या घरघरीत ऐकू नका. पत्र्याचं छत असेल तर पाऊस सुरू झाल्यावर परीक्षा थांबवायची, आणि अर्ध्यावर असलेल्या उमेदवाराला पुन्हा सुरुवातीपासून संधी द्यायची, हे आधीच लिहून ठेवा.

हॉर्नची घंटी मागे तोंड करून असते. परीक्षकापर्यंत पोचणारा आवाज बराचसा मागच्या भिंतीवर आदळून येतो. खुर्चीमागे भिंत असेल तर तोच वादक भरदार वाटतो, मागे मंडपाच्या कनाती असतील तर मलूल. खुर्ची मागच्या पक्क्या भिंतीपासून दीड-दोन मीटरवर ठेवा, चारही पायांना जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, आणि कुणालाही ती सरकवू देऊ नका. खुर्ची हातांशिवायची. स्टँड सगळ्यांना सारखाच, उंची मात्र ज्याची त्याने.

पडदा पातळ सुती कापडाचा, दुहेरी. मखमल आवाज गिळते. परीक्षक पडद्यापासून सहा-आठ मीटर लांब बसलेले बरे. दारापासून खुर्चीपर्यंत सतरंजी अंथरा, म्हणजे चपलांवरून, पैंजणांवरून माणूस ओळखू येणार नाही. उमेदवाराने आत बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या कानात सांगायचं, त्याने ते मोठ्याने विचारायचं. खोकला सगळ्यांनाच येतो, त्याचं एवढं काही नाही. आदल्या दिवशी तुमच्या ओळखीच्या कुणाला तरी पडद्याआड चालायला, बसायला, हॉर्न फिरवून पाणी काढायला लावा आणि काय काय ओळखू येतं ते ऐका.

पडद्यावर हसणाऱ्यांना एवढं सांगा. बोस्टन सिम्फनीने 1952 साली पडद्याआडची ऑडिशन सुरू केली. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांनी ती उचलली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तर शेवटच्या फेरीपर्यंत पडदा असतो, आणि ज्यूली लँड्समन 1985 साली तिथे पडद्याआडूनच निवडून येऊन प्रिन्सिपल हॉर्न झाल्या. बाई एवढं दमदार पितळी वाद्य वाजवू शकत नाही असं तेव्हा उघड म्हणणारे कमी नव्हते. उलटही सांगायला हवं: बर्लिन फिलहार्मोनिक पडदा लावत नाही, तिथे वाद्यवृंदातले सगळे वादक ऐकून मतदान करतात. सव्वाशे जणांच्या मतदानाने एका नातलगाचं मत बुडतं. तुमच्याकडे तीनच परीक्षक आहेत.

त्या तिघांत तुम्ही नको. भाचा आहे म्हणूनच नाही, चौघांना तुम्ही शिकवलंय आणि त्यांचा आवाज तुम्ही पडद्याआडूनही ओळखाल. पडदा अनोळखी कानाला अडवतो, गुरूच्या कानाला नाही. तुमच्या जागी पोलीस बँडमधला किंवा पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलेला एखादा निवृत्त हॉर्नवाला बोलवा. हॉर्नवाला मिळत नसेल तर ट्रॉम्बोन किंवा युफोनियमचा चालेल, क्लॅरिनेटवाल्याला फुटलेल्या स्वराचं वजन कळत नाही. चिठ्ठ्या काढणं, क्रमांक देणं, उमेदवारांना आत आणणं, यातही तुम्ही नसावं. संस्थेचा लेखनिक किंवा ग्रंथपाल हे काम करू शकतो. तुमचं काम आज आणि उद्या आहे: तुकडे ठरवायचे, वाद्यं तयार करायची, आणि परीक्षेच्या सकाळी शेवटचं तेल घालून घरी जायचं.

बाकी पद्धत फार अवघड नाही. क्रमांक चिठ्ठीने, आणि दुसऱ्या फेरीला नव्याने चिठ्ठ्या, म्हणजे "तो पाचवा" असं डोक्यात राहत नाही. प्रत्येकाला सरावाच्या खोलीत 20 मिनिटं. कमी दिली तर ओठ थंड, तासभर बसवलंत तर थकलेले. आत जास्तीत जास्त आठ मिनिटं, दोन तुकड्यांमध्ये पाणी काढायला वेळ. तुकडे आजच सर्वांना एकाच छापाच्या प्रतींत द्या. मूळ पार्ट बऱ्याचदा एफमध्ये नसतो, हॉर्न इन ई, इन सी असे असतात, आणि ट्रान्सपोझिशन, म्हणजे दुसऱ्या पट्टीत लिहिलेलं वाचताना बदलून वाजवणं, आपल्याकडे फारशी शिकवली जात नाही. पहिल्या फेरीचे तुकडे एफमध्ये उतरवून द्या. सुरुवात फसली तर एकदा पुन्हा, हा नियम सगळ्यांना, मागितला तरी आणि नाही मागितला तरी.

गुण देताना हॉर्नच्या परीक्षेत एक गोष्ट हमखास चुकते. फुटलेला स्वर सगळ्यांना ऐकू येतो, लक्षात राहतो, आणि बाकी सगळं पुसून टाकतो. मग जो जपून, घाबरत, बारीक आवाजात वाजवतो तो निवडला जातो आणि कार्यक्रमात ऐकूच येत नाही. यावर उपाय म्हणजे वेगवेगळे रकाने: सूर, लय, आवाजाची जात, वाक्य घेण्याची समज, आणि अचूकता हा पाचपैकी फक्त एक रकाना. एक फुटलेला स्वर फार नाही. एकच स्वर तीनदा फुटला तर तो वाद्याचा आहे की ओठांचा याचा विचार करा. मेरठच्या हॉर्नवर असेल तर परीक्षकाने लेखनिकाकडून तो हॉर्न दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा. पहिल्या फेरीत फक्त होय किंवा नाही, तिघांपैकी दोन होय असतील तर पुढे. मतं लिहून, चिठ्ठी बंद करून, मगच चर्चा. ज्येष्ठाने आधी तोंड उघडलं की उरलेले दोघं त्याचंच बोलतात, आपल्याकडे तर नक्कीच. मोबाइल स्टँडवर लावून सगळ्याचं फक्त ध्वनिमुद्रण करा, क्रमांकासह, आणि महिनाभर ठेवा.

दुसऱ्या फेरीनंतर निवडलेल्यांना पडद्याशिवाय एकत्र वाजवायला बसवा. चौघांचा सूर मिळतो का, शेजाऱ्याला कोण ऐकतो, हे पडद्याआड कळत नाही. पण ही बसणी जागा ठरवायला, निवड उलटवायला नाही. हा फरक लेखी ठेवा.

खरेदीबद्दल थोडक्यात. दोन-तीन स्वस्त डबल हॉर्न ऑनलाइन मागवू नका. त्यांच्या दोन बाजू एकमेकींशी सुरात नसतात, रोटर लवकर सैल होतात आणि सुटे भाग मिळत नाहीत; वर्षात तुमच्याकडे आणखी तीन पेट्या धूळ खात पडतील. आधी असलेल्या तिघांची दुरुस्ती, मग प्रत्येक मुलाला एक माउथपीस, तेल, ग्रीस, दोऱ्या, बुचं. उरलेल्या पैशात एकच डबल हॉर्न, आणि तो वापरलेला चालेल, पण ओळखीच्या मॉडेलचा, यामाहा 567 सारखा, आणि वर लिहिलेली 'टप्' चाचणी करूनच. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम आणि वाहतूक धरून हिशेब करा. सुटी होणारी घंटी मिळाली तर घ्या. एसटीच्या प्रवासात हॉर्नची पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. आणि हा नवा हॉर्न ऑडिशनच्या आधी आला तरी तो बाहेर काढू नका, नाहीतर पुन्हा तो कुणाच्या हातात आधी गेला याची चर्चा.

ऑडिशननंतर हॉर्न जागेप्रमाणे वाटा. डबल पहिल्या जागेला, नवा तिसऱ्या जागेला. तेव्हा भाचा पहिला आला तर डबल हॉर्न परत त्याच्याकडे जाईल. निवडलेल्या चौघांना सहा महिन्यांच्या बोलीवर घ्या, नेमणूकपत्रात तसं लिहा. बहिणीने विचारलं की तू परीक्षक का नव्हतास, तर हे पत्र दाखवा.